ट्रक परगावचा, धूर भिवंडीचा

मानकोली नाक्यावर दहा मिनिटे उभे राहून ट्रकांच्या नंबरप्लेट वाचल्या तर देशाचा नकाशा डोळ्यांसमोरून जातो. ठाण्याचा एमएच ०४ असतो, नवी मुंबईचा एमएच ४३ असतो, पण त्यांच्या पुढेमागे गुजरात, राजस्थान, हरियाणा, कर्नाटक आणि चक्क नागालँड. तो ट्रक काही नागालँडहून आलेला नसतो. तिथली नोंदणी सोयीची पडते एवढेच. मालक एका राज्यात, नोंदणी दुसऱ्या, ड्रायव्हर तिसऱ्या आणि माल चौथ्या राज्यात जायचा. धूर मात्र इथेच राहतो.

अवजड वाहनांच्या धुराचा कायदा या ट्रकाला शोधत असतो. ट्रक सापडला की ड्रायव्हरला पकडतो, पीयूसी मागतो, पावती फाडतो. तोवर मागचे पन्नास ट्रक निघून गेलेले असतात. माझे म्हणणे साधे आहे. ट्रक हलतो, गोदाम हलत नाही. भिवंडीत येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अवजड वाहनाला कुठले ना कुठले गोदाम बोलावते. धुराचा हिशेब त्या गोदामाच्या फाटकावर मागायला हवा, आणि तो मागण्याची साधने सरकारच्या हातात आजही आहेत.

भिवंडी ही यंत्रमागांची नगरी म्हणून आपण ओळखतो. पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत तिच्याभोवती दुसरेच शहर उभे राहिले. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली, सोनाळे, पार पडघा-वडप्यापर्यंत पत्र्याच्या छपरांची रांग. मुंबईत जकात होती तेव्हा माल शहराबाहेर ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हा या गोदामांचा जन्माचा हिशेब. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. उलट मोठी झाली. प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवण्यापेक्षा एकाच ठिकाणी अवाढव्य गोदाम ठेवणे कंपन्यांना परवडू लागले. त्यात घरपोच खरेदीची भर पडली. आज मुंबई-ठाण्यात तुम्ही मोबाइलवर मागवलेली वस्तू भिवंडीतल्या एखाद्या फाटकातून बाहेर पडलेली असण्याची शक्यता बरीच आहे.

शिवाय रस्ते. उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून गुजरातकडे निघालेला कंटेनर कळंबोली, शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत मानकोलीला येतो आणि अंजुरफाट्यावरून कामण-चिंचोटीच्या रस्त्याने वसईकडे वळतो. नाशिकचा महामार्ग इथूनच जातो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला. ७०१ किलोमीटरचा तो रस्ता नागपूरहून येऊन उतरतो तो भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला. नागपूरपासून सुसाट आलेली वाहने इथे येऊन रांगेत उभी राहतात.

या रांगेचा दुसरा भाग दवाखान्यात असतो. पावसाळा संपला की दिवाळीपासून होळीपर्यंत सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत दम लागणारे रुग्ण वाढतात. थंडीत हवेचा खालचा थर जड होऊन बसतो, धूर वर जात नाही. या रुग्णांत गोदामातले हमाल असतात, पॅकिंग करणाऱ्या मुली, नाक्यावरचे चहावाले, रिक्षावाले, स्वतः ट्रकचे ड्रायव्हर. ‘विडी ओढता का?’ हा आमचा पहिला प्रश्न. पुस्तकांनी आम्हाला तोच शिकवला. पण ‘नाही’ असे खरे उत्तर देणाऱ्या चाळिशीतल्या माणसाची फुफ्फुसे साठीच्या विडीबाजासारखी फुंकर मारताना दिसली की प्रश्न बदलावा लागतो. मग मी विचारतो, बसता कुठे? कामाला जाता कसे? घराची खिडकी कुठल्या रस्त्याला उघडते?

डिझेलचा धूर इतर धुरांपेक्षा वेगळा का, हे थोडे समजून घेऊ. इंजिनातून निघणारी काजळी म्हणजे कार्बनचे अतिसूक्ष्म कण. पीएम २.५ हे नाव आता सर्वांच्या कानावर आहे. अडीच मायक्रॉनचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण पंचविसावा-तिसावा भाग. डिझेलचे पुष्कळसे कण त्याहूनही कितीतरी लहान, ०.१ मायक्रॉनच्या खालचे असतात. नाकातले केस, घशातला कफ यांना ते जुमानत नाहीत. थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात, काही तिथून रक्तात उतरतात. आणि ते रिकामे जात नाहीत. जळक्या इंधनातली विषारी संयुगे पाठीवर घेऊन जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस याच गटात आहेत. दुसरा घटक नायट्रोजनचे ऑक्साइड. ते श्वासनलिकांना सूज आणतात, दम्याचा झटका घडवतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोनही बनतो.

फुफ्फुसांपुरतेच हे थांबत नाही. २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या, पण आता स्थिर असलेल्या वीस पुरुषांना बंद खोलीत सायकल चालवायला लावली, एकदा स्वच्छ हवेत आणि एकदा विरळ केलेल्या डिझेलच्या धुरात. धुराच्या वेळी हृदयाला रक्त कमी पडत असल्याच्या खुणा ईसीजीवर जास्त ठळक दिसल्या. एका तासात. त्याच वर्षी लंडनमध्ये साठ दमेकऱ्यांना दोन तास चालवले, एक दिवस हाइड पार्कमध्ये, एक दिवस ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. त्या रस्त्यावर तेव्हा डिझेलच्या बस आणि टॅक्सीच धावत. रस्त्यावर चालल्यावर श्वासाची ताकद बागेपेक्षा अधिक घटली. लंडनच्या त्या रस्त्यावर दोन तास. अंजुरफाट्यावर टपरी चालवणारा माणूस तिथे रोज बारा तास बसतो.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर भिवंडीची हवा फक्त ट्रकांनी नासवलेली नाही. सायझिंग आणि डाइंगच्या बॉयलरमध्ये काय काय जाळले जाते हे भिवंडीकरांना सांगायला नको. खड्ड्यांची धूळ, उघड्यावर पेटणारा कचरा, भंगाराच्या गोदामांना लागणाऱ्या आगी, आणि मागाजवळ बसणाऱ्याच्या छातीत साठणारी कापसाची तूस. या सगळ्यांचा वाटा आहे. पण बॉयलरला निदान चिमणी असते. चिमणी असली की प्रदूषण नियंत्रण मंडळाला ती दिसते, मोजता येते, नोटीस काढता येते. गोदामाला चिमणी नसते. त्याचा धूर चाकांवर येतो, चाकांवर जातो, आणि म्हणून तो कोणाच्याच वहीत चढत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तेव्हाच्या १०२ शहरांच्या पहिल्या यादीत शेजारची उल्हासनगर आणि बदलापूर होती, भिवंडी नव्हती.

इंजिनांच्या बाबतीत आपल्या देशाने काहीच केले नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट हे एक काम आपण जगाच्या तोडीचे केले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आले. बीएस-३ ची शिल्लक वाहने तरी विकू द्या, हा उत्पादकांचा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ ला फेटाळला. मग बीएस-५ ही पायरी सरळ गाळून १ एप्रिल २०२० पासून बीएस-६. त्यासाठी डिझेलमधले गंधकही कमी करावे लागले: बीएस-३ च्या काळात दशलक्ष भागांत ३५० भाग, बीएस-४ ला ५०, बीएस-६ ला १०. गंधक कमी झाल्याशिवाय धूर गाळणारी आधुनिक यंत्रणा टिकत नाही, म्हणून तेलशुद्धीकरण कारखान्यांना मोठा खर्च करावा लागला आणि तो त्यांनी केला. अवजड इंजिनासाठी बीएस-३ मध्ये दर किलोवॉट-तासाला काजळीची मर्यादा ०.१० ग्रॅम होती, बीएस-६ मध्ये ०.०१. म्हणजे दहावा भाग. नायट्रोजन ऑक्साइडची ५ ग्रॅमवरून अर्ध्या ग्रॅमच्याही खाली आली. प्रयोगशाळेतल्या चाचणीच्या हिशेबाने, एक बीएस-३ ट्रक दहा नव्या ट्रकांइतकी काजळी ओकू शकतो.

गोम इथेच आहे. हे सगळे नियम नव्या ट्रकाला लागतात. मुंबईसारख्या मोठ्या शहरांत बीएस-४ २०१० मध्येच आले होते, पण उरलेल्या देशात २०१७ पर्यंत बीएस-३ चालत होते. आंतरराज्य धावणारा ट्रक शहराबाहेर नोंदवला की झाले. त्यामुळे मार्च २०१७ पर्यंत विकलेले बहुतेक अवजड ट्रक बीएस-३ किंवा त्याहून जुने आहेत. ट्रकाचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे. म्हणजे २०१६ सालचा ट्रक २०३१ पर्यंत आरामात धावेल. आज पाचवीत असलेले मूल तोवर शाळा सोडून बाहेर पडलेले असेल.

आणि जुना ट्रक कुठे धावतो तेही पाहा. नवा असताना तो लांब पल्ल्याला, दिल्ली-चेन्नई करतो. वय झाले की मालक विकतो. दुसरा, तिसरा मालक त्याला जवळच्या फेऱ्यांना लावतो. बंदर ते गोदाम, एका गोदामातून दुसऱ्यात, रेती, पाण्याचा टँकर. थोडक्यात, जी इंजिने सर्वांत जास्त धूर सोडतात, तीच वस्तीच्या सर्वांत जवळून, सर्वांत कमी वेगाने फिरतात. हे कोणी ठरवून केलेले नाही, बाजाराचा तो साधा हिशेब आहे. त्याची किंमत गल्लीतल्या लोकांनी मोजायची.

नवा ट्रक तरी स्वच्छ का? महामार्गावर, हो. बीएस-६ च्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी जाळी असते. अडकलेली काजळी जाळून टाकायला तिला पुरेशी उष्णता लागते. नायट्रोजन ऑक्साइड मारण्यासाठी युरियाचे द्रावण फवारले जाते. ड्रायव्हर त्याला नुसते ‘युरिया’च म्हणतात. ही रासायनिक क्रियाही धूर साधारण दोनशे अंशांच्या वर तापल्याशिवाय नीट चालत नाही. ट्रक दोन फूट सरकून पाच मिनिटे उभा राहत असेल, तर इंजिन गार, धूर गार आणि ती महागडी यंत्रणा निम्मीशिम्मी झोपलेली. म्हणून वाहतूक कोंडी हा फक्त उशीर होण्याचा प्रश्न नाही. कोंडी स्वच्छ इंजिनालाही घाण करते. शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी घातली की तीच वाहने नाक्याबाहेर इंजिन घरघरत ठेवून तासन् तास उभी राहतात. शहरातली कोंडी कमी होते, नाक्याशेजारच्या गावाची हवा बिघडते. त्यात आणखी एक भर. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या अवजड ट्रकांत ड्रायव्हरच्या केबिनला एसी सक्तीचा झाला. निर्णय उत्तम आहे. मे महिन्यात त्या केबिनमध्ये बसणाऱ्याचे शरीर काय सोसते ते आम्ही पाहतो. पण एसी चालवायला इंजिन चालू ठेवावे लागते. ड्रायव्हरला सावली, पंखा आणि झोपायला खाट मिळेल अशी जागा नसेल, तर तो इंजिन बंद का करेल?

युरिया पैसे खातो. म्हणून सेन्सरला फसवणारे छोटे यंत्र बसवून युरियाशिवाय ट्रक पळवण्याची शक्कल निघाली आहे. हे पकडायचे कसे? पीयूसीने नाही. डिझेल वाहनाच्या पीयूसीत उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती काळा येतो, एवढेच पाहतात. नायट्रोजन ऑक्साइड त्यात मोजला जात नाही, अतिसूक्ष्म कण मोजले जात नाहीत. ताप पाहून मधुमेहाचे निदान करण्यासारखा तो प्रकार आहे. पीयूसी नसेल तर दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली. दंड मोठा झाला, तपासणी तीच राहिली.

भिवंडीसारखीच गोदामांनी वेढलेली एक वस्ती अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये आहे. तिचे नाव मिरा लोमा. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या बंदरांतून निघालेला माल जिथे साठवला जातो, त्या पट्ट्यातली ही वस्ती. तिथेही घरे आधी होती, गोदामे आणि ट्रक मागून आले. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी मिरा लोमासह बारा वस्त्यांमधल्या मुलांची फुफ्फुसे दरवर्षी मोजली, दहाव्या वर्षापासून अठराव्यापर्यंत. २००४ मध्ये निष्कर्ष आले. सर्वांत स्वच्छ वस्तीत अठराव्या वर्षी फुफ्फुसांची ताकद लक्षणीय कमी असलेली मुले १.६ टक्के, तर सूक्ष्म कण सर्वांत जास्त असलेल्या वस्तीत ७.९ टक्के. जवळपास पाचपट. फुफ्फुसे विशीपर्यंत वाढतात. त्या वयात जी वाढ हुकली ती पुढे भरून निघत नाही. अशी मुले आजारी दिसत नाहीत. क्रिकेट खेळतात, परीक्षा देतात. हिशेब पन्नाशीत होतो, तेव्हा ती आमच्याकडे येतात.

पण मला त्या अभ्यासाचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. दरम्यानच्या काळात तिथे इंजिनांचे नियम कडक झाले. बंदरांनी २००८ पासून जुन्या ट्रकांना फाटक बंद केले: १ ऑक्टोबर २००८ ला १९८९ पूर्वीची इंजिने बाहेर, आणि २०१२ पर्यंत २००७ च्या नव्या मानकांखालचा प्रत्येक ट्रक बाहेर. संशोधकांनी मिरा लोमासह पाच वस्त्यांतल्या मुलांच्या तीन पिढ्या तुलनेला घेतल्या. २०१५ मध्ये उत्तर आले. फुफ्फुसांची ताकद कमी असलेल्या मुलांचे प्रमाण ७.९ वरून ६.३ आणि तिथून ३.६ टक्क्यांवर उतरले. औषध नाही, मास्क नाही, योगासने नाहीत. हवा सुधारली, फुफ्फुसे सुधारली. माझ्या तीस वर्षांच्या व्यवसायात एवढा परिणाम दाखवणारे उपचार मी फार थोडे पाहिले.

बंदरानंतर त्यांनी गोदामांकडे मोर्चा वळवला. मे २०२१ मध्ये तिथल्या हवा नियंत्रण मंडळाने नियम केला की एक लाख चौरस फुटांहून मोठ्या गोदामाने, आपल्याकडे येणाऱ्या ट्रकांच्या संख्येनुसार, दरवर्षी ठरावीक गुण कमवायचे. स्वच्छ किंवा विजेवरचे ट्रक बोलावले तर गुण, चार्जिंगची सोय केली तर गुण, आसपासच्या शाळांत हवा गाळणारी यंत्रे बसवली तर गुण. काहीच केले नाही तर शुल्क भरा. ट्रक आमचे नाहीत, आम्ही कशाला भरायचे, म्हणत वाहतूकदार संघटना न्यायालयात गेली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने नियम उचलून धरला.

‘ट्रक आमचे नाहीत’ हे वाक्य भिवंडीतही ऐकू येते. मोठ्या कंपनीचा माल, तिसऱ्याच कंपनीने भाड्याने घेतलेले गोदाम, ट्रान्सपोर्टरने पाठवलेला ट्रक आणि त्या ट्रान्सपोर्टरलाही ट्रक पुरवणारा एखादा एका गाडीचा मालक, जो बँकेचा हप्ता भरून मेटाकुटीला आलेला. आजचा कायदा या साखळीतल्या सर्वांत शेवटच्या माणसाला धरतो. जुन्या ट्रकांवर सरसकट बंदी आली की मरणार तोच. भाड्याचा दर मात्र साखळीचे वरचे टोक ठरवते. ते ‘स्वस्तात स्वस्त गाडी पाठवा’ म्हणते तोवर खालून २०११ चा ट्रकच येणार. उद्या त्याच टोकाला सांगितले की तुझ्या फाटकात आलेल्या शंभर ट्रकांपैकी निदान इतके बीएस-६ हवेत, आणि दरवर्षी हा आकडा वाढेल, तर बीएस-६ ट्रकाला चार पैसे जास्त भाडे मिळू लागेल. मग एका गाडीच्या मालकालाही जुनी मोडीत काढून नवी घेण्याचे कारण मिळेल.

मोजायचे कसे, असा प्रश्न येईल. यासाठी एकही नवा माणूस नेमावा लागणार नाही. पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या मालाबरोबर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते. त्यावर ट्रकाचा नंबर असतो, माल कुठल्या पत्त्यावर चालला तो पिनकोडसह असतो. ट्रकाचा नंबर ‘वाहन’ प्रणालीत टाकला की त्याचे इंजिन बीएस किती, ते कळते. म्हणजे काल भिवंडीतल्या कुठल्या गोदामात किती बीएस-३ ट्रक आले, ही माहिती सरकारच्या संगणकांत दोन वेगवेगळ्या जागी पडून आहे. करचुकवेगिरी पकडायला ती वापरली जाते. फुफ्फुसांसाठी का नको?

कायदाही आहे. १९८१ च्या हवा कायद्याचे विसावे कलम वाहनांच्या धुराबाबत परिवहन खात्याला सूचना देण्याचा अधिकार राज्य सरकारला देते. मोटार वाहन कायद्याचे ११५ वे कलम ठरावीक भागात ठरावीक प्रकारच्या वाहनांवर बंधने घालू देते. भिवंडीभोवतालच्या गावांसाठी एमएमआरडीए हे नियोजन प्राधिकरण आहे. गोदामाला परवानगी देताना ट्रक आत उभे करण्याची जागा, ड्रायव्हरसाठी विश्रांतिगृह, शौचालय, चार्जिंग या अटी घालणे त्याच्याच हातात. इथे एक अडचण मी लपवणार नाही: कित्येक गोदामांच्या बांधकाम परवानगीचाच पत्ता नाही. जे कागदावरच नाही त्याला अट कोण घालणार? पण ई-वे बिलावर त्याचाही पत्ता असतोच.

बसबद्दल थोडक्यात. एसटीचा, टीएमटीचा मालक एकच आणि तो आपल्याला माहीत असतो, म्हणून बसचा प्रश्न ट्रकाहून सोपा आहे. पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि महामंडळांच्या वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द करण्याचा नियम झाला. १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर एसटीची विजेवरची ‘शिवाई’ धावली. भिवंडीच्या आगारातही तशा गाड्या याव्यात, आणि लवकर याव्यात. फक्त बसवर इतके बोलू नये की ट्रक नजरेआड होतील. भरलेली बस कितीही धुरकट असली तरी पन्नास जणांच्या मोटारसायकली रस्त्यावरून उचलते.

दिल्लीने या बाबतीत जे केले ते आपण लक्षात घ्यायलाच हवे. १ नोव्हेंबर २०२५ पासून दिल्लीबाहेर नोंदलेल्या, बीएस-४ खालच्या मालवाहू वाहनांना तिथे प्रवेशबंदी झाली आहे. बीएस-४ ला तेवढी वर्षभराची सवलत. दिल्लीकरांसाठी चांगलेच झाले. पण ते ट्रक काही भंगारात गेलेले नाहीत. जिथे कोणी विचारत नाही, तिकडे ते वळणार. माल भरपूर आणि विचारणारे कोणी नाही, अशी जागा शोधणाऱ्याला भिवंडी सापडायला किती वेळ लागेल? मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने कशी कमी करता येतील, हे पाहण्यासाठी उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. भिवंडी या प्रदेशातच येते. चर्चा मात्र मुंबईच्या मोटारींची जास्त होते. केंद्राने २०२५ मध्ये विजेवरच्या ट्रकांसाठी प्रत्येकी ९ लाख ६० हजारांपर्यंत अनुदान जाहीर केले, जुना ट्रक मोडीत काढल्याच्या दाखल्यावर. बंदर ते भिवंडी ही फेरी ठरलेली आणि जवळची. बॅटरीवरच्या ट्रकाला याहून सोयीचा रस्ता मिळणे कठीण.

वाचक विचारतील, तोवर आम्ही काय करायचे? दमा असेल तर रोजचा पंप बरे वाटले म्हणून बंद करू नका. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. नाक्यावर काम करणाऱ्याने रुमालाऐवजी एन-९५ वापरावा. रुमालाने धूळ अडते, डिझेलचे कण नाहीत. सकाळच्या कोंडीच्या वेळी रस्त्याकडची खिडकी बंद ठेवावी, दुपारी उघडावी. हे सांगताना डॉक्टर म्हणून मला संकोच वाटतो, कारण हमालाला मास्क लावून पन्नास किलोची गोणी उचलायला सांगणे सोपे आहे, उचलणे सोपे नाही.

एक काम मात्र भिवंडीतच, कोणाची वाट न पाहता करता येईल. १९७० च्या दशकात केईएमचे डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लालबाग, चेंबूर आणि खार इथल्या रहिवाशांच्या छात्या तपासल्या होत्या, ग्रामीण भागाशी तुलना केली होती. साधने आजच्यापेक्षा तुटपुंजी होती, तरी गिरणगावाच्या धुराबद्दल बोलायला त्यातून हातात आकडे आले. आज फुंकर मोजणारे यंत्र हातात मावते. अंजुरफाट्याजवळची एक शाळा घ्यावी आणि तालुक्यातल्या महामार्गापासून दूर असलेल्या एखाद्या गावची दुसरी. पाचवीतल्या मुलांपासून सुरुवात करून दहावीपर्यंत दरवर्षी एकदा मोजणी. एका मुलाला पंधरा मिनिटे लागतात. महापालिकेचे आणि जिल्हा परिषदेचे आरोग्य पथक तसेही शाळेत वजन-उंची घ्यायला जातेच. त्याच वहीत फुंकरीचा एक रकाना वाढवायचा. जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिली मोजणी होऊ शकते, आणि गोदामांच्या फाटकांवर नियम लागू झालाच तर तो लागू होण्याआधीचे आकडे आपल्याकडे तयार असतील.